उकिरड्यावरचं लेकरू

माझं लेकरू उकिरड्यावर ठेवलं तवा ऊन नुकतं गोठ्याच्या छपरावर आलं व्हतं. सुईणीनं सुपात जुनं लुगडं चौघडी करून घातलं, त्यावर लेकराला निजवलं आन सूप नेऊन शेणाच्या ढिगावर ठेवलं. मी परसाच्या दारात उभी. मला तोंड फिरवून उभं राहायला सांगितलं व्हतं, म्हणून भिंतीकडं तोंड केलं. पाठीमागनं थोरली जाऊ आली, डोक्यावर शेणाची पाटी घेऊन. ढिगापाशी थांबली आन मोठ्यानं म्हणली, "अगं बया! हे कुणाचं लेकरू गं?" गल्लीतल्या बाया मुद्दाम बोलावून आणल्या व्हत्या, त्या म्हणल्या, "कुणाचंच न्हाय. टाकून दिलंय." "मंग मी नेऊ का?" "ने की." असं तीन डाव झालं. तिसऱ्या डावाला जावेनं पाटी खाली ठेवली, लेकरू उचललं आन पुढच्या दारानं घरात नेलं. मी मागच्या दारानं घरात गेले. घर एकच व्हतं.

ही आमच्याकडची रीतच व्हती. माझी आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. दोघंबी चांगली धडधाकट जन्मली आन सटवाईनं नेली. मंग तिसऱ्या डावाला सासूनं सांगितलं, आता सटवाईला कळूच द्यायचं न्हाय हे कुणाचं हाय ते. लेकरू उकिरड्यावर ठेवायचं, दुसरीनं उचलायचं, नाव बी असं ठेवायचं की कुणाची नजर लागू न्हाय. आमच्या लेकराचं नाव ठेवलं केरबा. पाच वर्सं ते उचलणारीचं. तिला माय म्हणायचं. जन्म देणारीनं तोंडानं एकदा बी 'माझं' म्हणायचं न्हाय, कुणी इचारलं तर म्हणायचं, 'जावेचं हाय.' पाच वर्सं झाली की तुळजापूरला जावळ काढायचं आन आईनं सूपभर जवारी दिऊन लेकरू परत इकत घ्यायचं. जवारी घेतली की ते आईचं झालं. आता माझ्या नाती ह्यावर हसत्यात. हसू द्या. दोन लेकरं पुरून आल्यावर माणूस काय बी करतं.

थोरल्या जावेला आमी समदी अक्का म्हणायचो. हाडापेरानं मोठी, रंगानं काळी, गळ्यात कवड्यांची माळ. तुळजाभवानीची आराधीण व्हती ती. मंगळवारी परडी घेऊन पाच घरं जोगवा मागायची, आन जात्यावर बसली की तिचा आवाज पार चावडीपस्तोर जायचा. लगीन होऊन लई वर्सं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. तिनं केरबाला उचललं तवा त्याला छातीशी घट्ट धरलं असं बाया म्हणल्या. म्या बघितलं न्हाय, माझं तोंड भिंतीकडं व्हतं.

दूध मात्र माझं. लेकरू रडलं की अक्का त्याला माझ्याकडं घेऊन यायची आन म्हणायची, "धाकले, ह्याला पाज गं जरा." शेजारणीचं लेकरू आणून द्यावं तसं. मी पदराआड घ्यायचे. ती समोर उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत राहायची, नजर मात्र माझ्या पदरावर. त्याचं पोट भरलं की हात पुढं करायची. त्याचं डोळं मिटत आलेलं असायचं, तोंडाला दूध लागलेलं असायचं, आन मला द्यावं लागायचं. मंग आतनं तिचं गाणं ऐकू यायचं. मी चुलीपुढं भाकरी थापत बसायचे. कदी कदी भाकरी इतकी जोरात थापायचे की सासू म्हणायची, "काठवट फोडतीस का काय?" तिच्याकडं गाणं व्हतं, मांडी व्हती, 'माय' व्हतं. माझ्याकडं निस्तं दूध. आता वाटतं, तिला बी असंच वाटत असंल. तिच्याकडं समदं व्हतं, निस्तं दूध नव्हतं. म्हणूनच ती बघत बसायची. पर तवा मला तिचं काय बी वाटायचं न्हाय. मला वाटायचं, हिच्या डोळ्यात धूर जावा.

केरबा बोलायला लागला. तिला माय, मला काकी. जवारीच्या भाकरीत दूध कुस्करून अक्का त्याला भरवायची, वर गुळाचा खडा. माझ्या हातनं त्यानं काय खाल्लं तर ती त्याचं तोंड पुसायची. माझ्या समोर पुसायची. हुरड्याच्या दिसात त्याला खांद्यावर घेऊन शेतात जायची, कणसं भाजून, तळव्यावर चोळून, फुंकून फुंकून दाणं त्याच्या तोंडात टाकायची. मी काटक्या गोळा करायचे. मालक, म्हंजी माझं धनी, एकटेच असं व्हते की घरात कुणी नसलं की हळूच म्हणायचे, "तुझ्या लेकानं आज बैलाची वेसण धरली की." मी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवायचे. "असं म्हणू नगा." "अगं कोण ऐकतंय?" "ऐकणारी ऐकती." त्यांना बी हसू यायचं. तेवढं एक बोलणं माझं व्हतं. मंग पावसाळ्यात त्यांना ताप भरला आन त्यातच गेले. ते गेल्यावर केरबाला 'तुझा' म्हणणारं त्या घरात कुणी राह्यलं न्हाय.

पाचवं वर्स सरलं. चैत्राच्या पुनवंला समदी तुळजापूरला गेली, केरबाचं जावळ काढलं. जावळ अक्काच्या मांडीवर काढलं, तोवर रीत तशीच व्हती, म्या काय बोलले न्हाय. घरी आल्यावर म्या आंघोळ केली, कणगीतली नवी जवारी काढली, पाखडली, सूप काठोकाठ भरलं आन अक्काच्या खोलीपुढं जाऊन उभी राह्यले. "अक्का, जवारी घ्या," म्हणलं. ती केरबाच्या डोक्याला खोबरेल लावत व्हती. तिनं वर बघितलं न्हाय. म्हणली, "कसली जवारी?" "पाच वर्सं झाली." "कशाची पाच वर्सं?" म्या म्हणलं, "अक्का, अशी चेष्टा करू नगा." तवर थोरलं दीर बाहीरनं आले. त्यांनी सुपाकडं बघितलं, म्हणाले, "पोरगं आमी दत्तक घेतलंय. समद्या गावानं बघितलंय तू ते टाकलेलं. जवारी कणगीत वत आन कामाला लाग." माझ्या धन्याच्या वाट्याची जमीन केरबाच्या नावानं येणार व्हती, दिराची नजर त्यावर. अक्काची नजर कशावर व्हती ते मला म्हाईत व्हतं. तिला जमीन दिसत बी नव्हती.

तिनं दार लावून घेतलं. मी सूप घेऊन उभी. आतनं केरबाचा आवाज आला, "माय, काकी का उभी राह्यलीया?"

दुसऱ्या दिशी मी माहेरी जळकोटला गेले. सडकंवर येष्टी थांबायची तिथं आमच्या दादाचं चहाचं खोपट व्हतं. दादा माझा थोरला भाऊ. त्यानं समदं ऐकून घेतलं आन भगुणं उतरवून ठेवलं. म्हणाला, "आता निजामाचं राज न्हाय. कोर्ट हाय. वकील धरू." वहिनी म्हणली, "बाईमाणूस कोर्टात?" दादा म्हणाला, "बाईमाणसाचंच लेकरू हाय." वहिनीनं धपाटी बांधून दिली, शेंगाची चटणी दिली, आन आमी धाराशिवला गेलो.

कोर्टाच्या आवारात लिंबाची झाडं व्हती, त्याखाली लई माणसं बसलेली. कुणी जमिनीसाठी, कुणी मारामारीसाठी. अर्ज लिहिणारे चटईवर, पुढ्यात दौत. मधूनच शिपाई दारात येऊन नाव पुकारायचा आन एखादा म्हातारा धोतर सावरत पळायचा. दादाला आमच्या सासरच्या घराण्याचं काम बघणारं एक जुनं वकील ठाऊक व्हतं, त्यांच्याकडं आधी गेलो. काळी शेरवानी, दाढी पांढरी, घरात उर्दूची पुस्तकं. लई अदबीनं बोलले, मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. समदं ऐकल्यावर म्हणाले, "बेटी, तुझा दावा खरा आहे. पण तुझे जेठ परवाच येऊन माझ्या वकालतनाम्यावर अंगठा करून गेले. एका मुकदम्यात मी दोन्हीकडून कसा उभा राहू?" आमी उठलो. वकील दारापस्तोर आले आन म्हणाले, "माझ्यासमोर चांगला वकील धर. कच्चा धरू नको." असं सांगणारं माणूस मला मंग दुसरं भेटलं न्हाय.

दुसरा वकील पुण्याकडनं शिकून आलेला, नवीन. टेबल-खुर्ची, कोरा कागद, फौंटन पेन. दादाला वाटलं हाच बरा. त्यानं इचारलं, "मुलाचं नाव?" म्या सांगितलं. "वडिलांचं?" मी दादाकडं बघितलं. धन्याचं नाव मी कदी घेतलं नव्हतं, मेल्यावर कसं घेऊ? दादानं सांगितलं. "मुलगा तुमचा स्वतःचा ना?" मी पदराचं टोक चाळत बसले. त्यानं परत इचारलं. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "जावेचं हाय." त्यानं पेन खाली ठेवलं. "मग इथं कशाला आलात?" दादा मधी पडला, "न्हाय साहेब, हिचंच हाय, पर हिला म्हणता येत न्हाय." "म्हणता का येत नाही? मुकी आहे?" "जवारी दिल्याबिगर म्हणता येत न्हाय." वकिलानं दादाकडं असं बघितलं की दादाचं कान लाल झालं. मंग माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, नवऱ्याचं नाव तुम्ही घेत नाही, मुलाला आपलं म्हणत नाही. कोर्टात शपथेवर काय सांगणार? की हा मुलगा कुणाचा ते शेजारच्यांना विचारा?"

बाहीर आल्यावर दादा लई चिडला. "एकदा म्हण की! माझं हाय म्हण! इथं सटवाई कुठून यायलीय, धाराशिवला?" मी म्हणलं, "दादा, ती पाळण्यापस्तोर आली व्हती. तिला काय कोस लागत्यात?" त्यानंच माझी दोन्ही लेकरं पुरायला खांद्यावर नेली व्हती.

लिंबाखाली बसून आमी धपाटी सोडली. मनात एकच, आता अक्का त्याला जेवू घालत असंल, दूध-भाकरी, वर गूळ. त्याला इचारत असंल, काकी कुठं गेली रे? आन तो म्हणत असंल, म्हाईत न्हाय. तेवढ्यात शिपाई दारात आला आन वरडला, "धोंडोपंत वकील! धोंडोपंत वकील हायत का?" एक जाडजूड माणूस, काळ्या कोटाची बटणं तुटलेली, तोंडात पान, हळूहळू उठला आन गेला. माझा घास हातातच राह्यला. म्या म्हणलं, "दादा, हा वकील धरायचा." "तू ओळखतीस त्याला?" "न्हाय." "मंग?" "धोंडो नाव ठेवलंय. त्याच्या आईनं बी लेकरू टाकलं असंल." दादानं कपाळावर हात मारला. "बैल घ्यायला गेलं तरी माणूस दात बघतं. तू नावावर वकील घ्यायलीस!" पर दुसरा कोण व्हता? बसलो वाट बघत.

धोंडोपंत बाहीर आले तवा आमी दोघं त्यांना आडवे गेलो. दादा घाबरत घाबरत बोलायला लागला, त्याला मी थांबवलं. कुठून धीर आला म्हाईत न्हाय. मी म्हणलं, "साहेब, तुमच्या आधी कितीजण गेले?" ते थांबले. पानाची पिंक झाडाच्या बुडाला टाकली. माझ्याकडं नीट बघितलं आन म्हणाले, "तिघं. मला कासारणीनं घेतलं होतं. मूठभर कोंडा देऊन. तुम्ही कुणाकडं ठेवलाय?" "जावेकडं." "आणि आता देत नाही?" "जवारीच घेत न्हाय." "बसा," म्हणाले, आन आमच्याजवळ लिंबाच्या मुळीवर बसले. दादानं धपाटं पुढं केलं, त्यांनी घेतलं, चटणीसंगं खाल्लं, खाता खाता समदं इचारलं. सूप कुठं ठेवलं, कोण कोण बाया व्हत्या, काय बोलणं झालं, पाच वर्सांचं कुणी ठरवलं. एकदा बी इचारलं न्हाय की लेकरू कुणाचं. शेवटी म्हणाले, "तुमच्या तोंडून ते निघायला नको, एवढंच ना? नाही निघणार. ती बाई सांगेल."

उठताना म्या त्यांना इचारलं, "साहेब, कासारणीला तुमी काय म्हणायचा?" "आई म्हणायचो. सात वर्षं. अजून रस्त्यात बांगड्यांच्या टोपलीचा आवाज आला की मान वळते." "आन आईला?" ते धोतर झटकत व्हते. "आईला वहिनी म्हणायचो. वाड्यातली सगळी म्हणायची म्हणून." "मंग पुढं? परत घेतल्यावर?" "पुढंही वहिनीच," ते म्हणाले. "चांगली होती माझी आई." वकील मिळाला म्हणून दादा येष्टीत बडबडत व्हता. मी खिडकीतनं बघत बसले. मला ते 'पुढंही वहिनीच' टोचत राह्यलं, पायात बाभळीचा काटा मोडून राहावा तसं.

कोर्टात पेशीच्या दिशी अक्का आली. नवं इरकल नेसून, माळ घालून, केरबा कडंवर. त्याला नवी टोपी. मला बघून तो वरडला, "काकी!" आन लगेच तिच्या मानंत तोंड घातलं. तोंड तिच्या मानंत घातलं त्यानं. एवढ्या लोकात मला काय बी दिसलं न्हाय, तेवढंच दिसलं.

शेरवानीतलं वकील त्यांच्या बाजूनं उभं राह्यलं, आन चांगलं बोलले. दत्तक म्हणाले, समद्या गावादेखत दिलं म्हणाले, पाच वर्सं त्याच बाईनं वाढवलं म्हणाले. ते काय खोटं नव्हतं. मंग धोंडोपंत उठले. त्यांनी अक्काला पिंजऱ्यात बोलावलं. शपथ झाल्यावर म्हणाले, "बाई, गळ्यात काय आहे?" "आईची माळ." "आईच्या माळंला साक्ष ठेवून बोलता ना?" "मी कवा बी तसंच बोलती." "लेकरू कुठं सापडलं?" "उकिरड्यावर." "सापडलं का ठेवलं होतं?" ती म्हणली, "सापडलं." रीतीपरमाणं तेच म्हणायचं असतं, ती खोटं बोलली न्हाय. धोंडोपंतांनी ते तसंच सोडलं. मंग म्हणाले, "पाच वर्षं झाल्यावर तुम्हाला काय मिळायचं होतं?" दिरानं मागनं खाकरलं. "सूपभर काय?" तिनं माळेला हात लावला. हळूच म्हणली, "जवारी." "कुणी द्यायची होती?" "हिनं." "जवारी घेऊन तुम्ही काय द्यायचं होतं?"

अक्कानं केरबाकडं बघितलं. दीर त्याला धरून बसले व्हते, तो दिराच्या मिशा ओढत व्हता. मंग म्हणली, "पोरगं."

न्यायाधीश लांबच्या मुलखातनं आलेले, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. ते म्हणाले, "म्हणजे काय, मूल विकत घ्यायचं होतं?" मागं लोक हसली. धोंडोपंत हसले न्हाईत. ते म्हणाले, "साहेब, दत्तक गेलेलं मूल धान्य देऊन परत घ्यायची रीत कुठं नाही. उकिरड्यावर ठेवलेल्याची आहे. हे देणं नव्हतं, राखायला ठेवणं होतं. मी असाच राखलेला आहे." मंग अक्काकडं वळून म्हणाले, "बाई, ती जवारी घेऊन आली होती का?" "आली व्हती." "मग घेतली का नाही?" अक्का म्हणली, "हात पुढं होईना." एवढंच बोलली. ना रडली, ना काय.

हुकूम पुढच्या तारखंला झाला. लेकरू आईकडं. धोंडोपंत बाहीर येऊन म्हणाले, "झालं बाई. उचला आता, घरी न्या." केरबा पायरीवर बसून मातीत रेघा ओढत व्हता. मी उचलला न्हाय. म्या म्हणलं, "जवारी दिल्याबिगर कसं नेऊ? तिनं घेतली न्हाय तर तो माझा न्हाय." दादा म्हणाला, "अगं हुकूम झाला! सरकारचा हुकूम!" मी म्हणलं, "सटवाईला मराठी वाचता येतं का?" धोंडोपंतांनी पानाचा डबा मिटला, म्हणाले, "बरोबर आहे. आधी जवारी द्या. नाही घेतली तर मला कळवा. मग काय करायचं ते मला ठाऊक नाही, पण कळवा."

सासरी गेले ती त्याच दिशी, ऊन असतानाच. सूप काठोकाठ भरून, डोक्यावर घेऊन. जिंकलेली मी, आन तिच्या दारात उभी. अक्का उंबऱ्यावर बसली व्हती, केरबा तिच्या मांडीला टेकून. गल्लीतल्या बाया, ज्या त्या सकाळी उकिरड्यापाशी व्हत्या, त्या बी आल्या. मी सूप खाली ठेवलं. म्हणलं, "अक्का, जवारी घ्या." आतनं दीर वरडले, "घेऊ नगं! घेतलीस तर बघ!" अक्कानं मान बी वळवली न्हाय. म्हणली, "तुमी गप बसा. हे बायकांचं हाय." तिनं पदर पसरला. मी सूप वतलं, ह्या डावाला समोर तोंड करून. जवारी तिच्या पदरात पडली, तिच्या मांडीवरनं वघळली, केरबानं त्यात हात घातला. मंग तिनं एक मूठ भरली. भरून माझ्या रिकाम्या सुपात टाकली. "ही परत घे," म्हणली. "समदी न्हाय घेणार. मूठभर कमी घेतली. तेवढ्यापुरता तो माझा."

रीतीत असं कुठं नव्हतं. मी 'न्हाय' म्हणू शकले असते, पर मंग ती पदर झाडून उठली असती, आन मला पुन्यांदा भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागलं असतं. मी ती मूठ घेतली. केरबाला उचललं. तवा पयल्यांदा तोंडातनं काढलं, "माझं लेकरू." आवाज माझा मलाच ओळखू आला न्हाय. केरबा मागं वळून बघायला लागला, मी कुणाला बोलतीया म्हणून.

केरबाला घेऊन मी त्याच गल्लीत येगळी राह्यले, आन ती मूठ उतरंडीच्या खालच्या गाडग्यात ठेवली. दळता येईना, पेरता येईना, कोंबड्यांपुढं टाकावी तर भ्या वाटायचं. किडे पडले, पीठ झालं, तवा नदीत सोडली. पर ती गेली न्हाय. केरबा वाढला, जळकोटला दादाकडं राहून शाळंत गेला, मंग वाट्याच्या जमिनीत राबला, आन दरवर्सी पयला हुरडा आधी तिच्या दारात. दिवाळीला लुगडं दोन आणायचा, एक मला, एक तिला, आन तिचं जरा चांगलं असायचं. त्याला वाटायचं मला कळत न्हाय. तापानं फणफणला की झोपेत 'माय, माय' करायचा, मी उशाशी बसलेली असायचे. मी त्याच्यासाठी काय केलं ते त्याला ठाऊक व्हतं, पाया पडायचा, जीव लावायचा. तोंडानं मात्र काकी. लगीन झालं, त्याची बायको बी मला काकी म्हणायला लागली. समदं गाव काकी म्हणतं मला आता. नाती बी.

अक्का म्हातारपणी अंथरुणाला लागली. दीर आधीच गेले व्हते. केरबा रोज सांजसकाळी तिच्याकडं जायचा, तिला पेज भरवायचा, तोंड पुसायचा. एक दिस तो रानात गेल्यावर मी गेले. जाताना कणगीतनं मूठभर जवारी घेतली, चांगली टपोरी बघून, पदरात बांधली. अक्का निस्ती हाडं राह्यली व्हती, माळ तेवढी गळ्यात. मी जवळ बसले. गाठ सोडली. म्हणलं, "अक्का, राह्यलेली मूठ घ्या. आता तरी पुरी करा." तिनं डोळं उघडलं. माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. तिला समदं कळलं. मी तिचा हात धरला, बोटं उघडायला लागले. म्हातारीत एवढं बळ कुठून आलं म्हाईत न्हाय. तिनं मूठ आवळली. हसली बी जरा. "धाकले," म्हणली, "तुझ्या दुधातला वाटा मी कवा मागितला का गं?"

जवारी पदरात तशीच घेऊन मी घरी आले. केरबा रानातनं येऊन वसरीवर हातपाय धुत व्हता.

"काकी," तो म्हणाला, "मायकडं गेलती व्हय? काय म्हणली माय?"

म्या म्हणलं, "काय न्हाय. भाकरी गरम हाय, जेवून घे."